जुन्या गाडीचा प्लग: बदलण्याआधी वाचायला शिका

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी वडिलांची १९८९ ची टू-स्ट्रोक चेतक आहे आणि कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ८०० आहे. चेतकचा स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग, महिनाभरात काळा आणि ओला होतो. मेकॅनिक दरवेळी नवा टाकतो, चार दिवस गाडी बरी चालते, मग पुन्हा तेच. मारुती एप्रिल-मे महिन्यात दुपारी चालता चालता बंद पडते आणि सावलीत अर्धा तास उभी केली की चालू होते. तिथेही सगळे प्लगकडेच बोट दाखवतात. एक जण म्हणतो, आपल्याकडच्या उन्हाला थंड प्लग घ्या. दुसरा म्हणतो, काळा पडतो तर गरम घ्या. तिसरा म्हणतो, इरिडियम टाका आणि विसरून जा. नेमका कोणता घ्यायचा, आणि सांभाळायचा कसा?

आधी सरळ उत्तर. दोन्ही गाड्यांना कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचाच साधा निकेलचा प्लग घाला. थंडही नको, गरमही नको. (थंड प्लग म्हणजे टोकाची उष्णता पटकन इंजिनाकडे सोडणारा, गरम म्हणजे ती जास्त धरून ठेवणारा. किती थंड-गरम, ते प्लगच्या नंबरात असतं.) तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ प्लगमध्ये नाही. प्लग हा इंजिनातला साक्षीदार आहे. आत काय चाललंय ते तो बाहेर येऊन सांगतो, आणि आपण त्याचं न ऐकता त्याला फेकून नवा साक्षीदार आत पाठवतो.

आता उन्हाची गोष्ट, कारण भुसावळ-जळगावकडे हा समज फार पक्का आहे. प्लगचं टोक चालत्या इंजिनात साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं पाहिजे. ४५० च्या खाली राहिलं तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही, साठत जाते. ८५० च्या बरंच वर गेलं तर टोक स्वतःच निखारा होतं आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवतं. तिथून पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. प्लगचा एक नंबर बदलला की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी हलतं. बाहेर ३० अंशांऐवजी ४५ अंश झाले, तर शेकडो अंशांच्या या हिशोबात तो फरक छोटा आहे. ऊन लागतं ते ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलला आणि कंडेन्सरला, पेट्रोलच्या नळीला आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या हेडला (ज्यात प्लग बसतो त्या वरच्या झाकणाला). त्यासाठी चेतकच्या पंख्याचं झाकण आणि सिलिंडरच्या पात्यांमधली माती-तेलाची खपली साफ करा. कापसाच्या हंगामात तर तिथे बोंडाचे तंतू अडकून थर बसतो. त्या सफाईने इंजिनाला जेवढा थंडावा मिळतो, तेवढा प्लगचा नंबर बदलून मिळत नाही.

आता चेतक. काळा प्लग दोन तऱ्हेचा असतो आणि फरक बोट लावूनच कळतो. बोटाला कोरडी, मऊ काजळी लागली तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय: एअर फिल्टर तुंबलाय, चोक पूर्ण परत जात नाही, कार्ब्युरेटरची फ्लोट-सुई (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) गळते. बोट ओलं, चिकट, तेलकट झालं तर प्रश्न तेलाचा आहे. तुमचा ओला आहे, म्हणून पहिला प्रश्न हा की पेट्रोलमध्ये टू-टी तेल किती घालता? चांगल्या टू-टी तेलाला दोन टक्के प्रमाण पुरतं, म्हणजे लिटरला २० मिली. इंजिन वाचावं म्हणून अंदाजाने दुप्पट ओतणारे पुष्कळ आहेत. भावना चांगली आहे, पण ते जादा तेल जळत नाही. प्लगवर, पिस्टनच्या डोक्यावर आणि सायलेन्सरमध्ये जाऊन बसतं. सायलेन्सर कोळशाने तुंबला की जळका धूर नीट बाहेर पडत नाही आणि प्लग आणखी काळा होतो. जुन्या चेतकचा सायलेन्सर वर्षानुवर्षं उघडून साफ केलेला नसेल, तर ते काम प्लगच्या आधी करा.

तेलाचं माप बरोबर असूनही प्लग ओला येत असेल आणि निळसर पांढरा धूर थांबत नसेल, तर गिअर ऑइलची पातळी पाहा. क्लचच्या बाजूचं क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) ऑइल सील कडक होऊन फाटलं की इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळायला लागतं. पातळी पुन्हा पुन्हा उतरते आणि खाली जमिनीवर मात्र थेंब दिसत नाही, तर सील गेलं असं समजा. अशा गाडीत महिन्याला नवा प्लग घाला नाहीतर सोन्याचा घाला, तो काळाच होणार. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर उलट होतं: तिकडून जादा हवा आत येते, प्लग पांढरा पडतो, गाडी आपोआप रेस होते आणि इंजिन तापून जाम होऊ शकतं. ते जास्त धोक्याचं.

आणखी एक साधी सवय. गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करा. फ्लोट-सुई थोडी जरी झिजलेली असेल, तरी रात्रभरात पेट्रोल झिरपत इंजिनात उतरतं, सकाळी प्लग ओला मिळतो, आणि मग गाडी आडवी करून किक मारत बसावं लागतं.

प्लग वाचण्याची रीत सांगतो, कारण बहुतेक जण चुकीच्या वेळी वाचतात. गल्लीतून धावत-थांबत घरी आलात, दोन मिनिटं गाडी तशीच चालू ठेवली आणि मग प्लग काढला, तर तो त्या दोन मिनिटांचीच हकीकत सांगेल. इंजिन गरम असताना धुळे रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर नेहमीच्या लोडवर चालवा. मागून वाहन नाही हे पाहून क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. पूर्ण थंड होऊ द्या. मग प्लग काढा आणि उन्हात धरून चिनीमातीच्या भागाकडे बघा, अगदी खोल मुळापर्यंत. पेट्रोल-हवेचं खरं प्रमाण तिथल्या वर्तुळावर दिसतं. बाहेरच्या वाकड्या पट्टीवर रंग बदलल्याची एक रेघ दिसते. ती पट्टीच्या वळणाच्या आसपास असेल तर प्लगचा नंबर इंजिनाला जमतोय. रेघ टोकाशीच थांबली असेल तर प्लग थंड पडतोय, आणि पार मुळाशी उतरली असेल तर जास्त तापतोय.

रंगाबद्दल जुन्या उस्तादांकडून ऐकलेली गोष्ट थोडी सुधारून घ्यावी लागते. बिस्किटासारखा खरपूस तपकिरी रंग म्हणजे उत्तम, हे शिसंवाल्या पेट्रोलच्या काळात तंतोतंत खरं होतं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. आज चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचा प्लग फिका राखाडी ते हलका तपकिरी दिसतो. तेवढ्यावरून पेट्रोल कमी पडतंय असं ठरवून कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बदलू नका. घाबरायचं ते खडूसारख्या मेलेल्या पांढऱ्या रंगाला, चिनीमातीवर फोड दिसले तर, किंवा बारीक चकचकीत ठिपके दिसले तर. ते ठिपके पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. असा प्लग दिसला की गाडी तिथेच उभी करा, ठिणगीचं टाइमिंग आणि हवेची गळती तपासल्याशिवाय किक मारू नका.

इथे इथेनॉलचा विषय येतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोल जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. नव्या गाडीचा सेन्सर हा फरक ओळखून जास्त इंधन सोडतो. चेतकचा किंवा कार्ब्युरेटरवाल्या मारुतीचा जेट म्हणजे पितळेतलं ठरलेलं भोक. त्याला काही कळत नाही. म्हणून जुन्या इंजिनांना आज हवेच्या मानाने इंधन थोडं कमी पडतं, प्लग फिका येतो, थंडीत सुरू व्हायला त्रास देतात. लोडवर वाचलेला प्लग खरंच पांढरा येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा करणं हे योग्य उत्तर. थंड प्लग घालून टोक वाचेल, पण पिस्टन तेवढाच तापत राहील. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात चेतक महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकीत तेल मिसळलेलं जुनं पेट्रोल ठेवू नका.

आता खरेदी. दुकानात सर्वांत मोठा घोटाळा नंबरांचा होतो आणि तो नीट समजून घ्या. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या आजच्या एक अंकी नंबरात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम, अगदी उलट. आणि मायकोच्या जुन्या प्लगवर १४५, १७५, २२५ असे तीन अंकी नंबर असायचे, तिथे पुन्हा आकडा मोठा म्हणजे थंड. मायको म्हणजेच आजची बॉश. १९५१ ला सुरू झालेल्या या कंपनीचं नाव २००८ ला बदललं. जुना १७५ म्हणजे आजचा बॉशचा ७ आणि जवळपास एनजीकेचा ६. आता समजा दुकानदाराने ‘सातच्या जागी सात’ म्हणून बॉशऐवजी एनजीकेचा ७ दिला, तर तो एक पायरी थंड झाला. मग गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो काळा पडतो आणि नाव पुन्हा कार्ब्युरेटरचं निघतं. म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेताना त्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या गाडीचं नाव शोधा, आकड्याला आकडा जुळवू नका.

नंबराइतकीच महत्त्वाची आट्यांची लांबी. चेतक आणि मारुती दोन्हींच्या प्लगच्या आट्यांची जाडी १४ मिमी आहे, त्यामुळे एकाचा दुसऱ्यात फिरतो आणि घात होतो. चेतकच्या प्लगचे आटे १२.७ मिमी लांब, मारुतीचे १९ मिमी. लांब प्लग चेतकच्या हेडमध्ये बसवला तर टोक आत घुसून पिस्टनला लागू शकतं. छोटा प्लग मारुतीत बसवला तर ठिणगी भोकाच्या आत दडून पडते आणि हेडचे उघडे राहिलेले आटे कोळशाने भरतात. पुढे बरोबर प्लग बसवताना तेच आटे खाऊन टाकतो. नवा प्लग जुन्याच्या शेजारी उभा धरून पाहणं, एवढं दुकानातच करा. एनजीकेच्या कोडमध्ये ‘एच’ म्हणजे १२.७ आणि ‘ई’ म्हणजे १९. कोडमध्ये ‘आर’ असेल तर आत साधारण ५ हजार ओहमचा रेझिस्टर आहे. पॉइंटवाल्या (ठिणगीची वीज यांत्रिक संपर्काने जोडणाऱ्या-तोडणाऱ्या) जुन्या गाडीला तोही चालतो. पण प्लगवरच्या कॅपमध्येही रेझिस्टर, प्लगमध्येही, आणि मॅग्नेटो म्हातारा, असं झालं तर सुरू होताना ठिणगी अशक्त पडते. पुस्तकात ‘आर’ नसेल तर बिन-‘आर’चा मागा.

नकली माल खूप आहे. छपाई पुसट, षटकोनावरचा ठसा उथळ, मधलं टोक आणि वरची पट्टी एका रेषेत नाही, आटे खरखरीत, असं काही दिसलं तर परत करा. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

इरिडियमबद्दल माझं स्पष्ट मत. त्याचं टोक बारीक असतं, म्हणून कमी दाबाच्या विजेतही ठिणगी पडते आणि ते झिजतं हळू. इंजिन निरोगी असेल तर घालायला हरकत नाही. पण तेल जळणाऱ्या इंजिनात तो साध्या प्लगसारखाच भरतो, आणि त्याला घासून साफ करता येत नाही, टोक तुटतं. त्या पैशात नवा कॅप, प्लगपर्यंत वीज नेणारी नवी एचटी वायर, पॉइंट आणि कंडेन्सर येतात. जुन्या चेतकला त्यांची गरज जास्त आहे.

गॅपकडे, म्हणजे मधलं टोक आणि बाहेरची पट्टी यांतल्या अंतराकडे, लोक दुर्लक्ष करतात. नवा प्लग खोक्यातून काढून तसाच बसवू नका. पॉइंटवाल्या जुन्या इंजिनांना बहुतेक ०.५ ते ०.६ मिमी, पुढच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांना ०.७ ते ०.८ च्या आसपास. नेमका आकडा पुस्तकातला घ्या. चालून चालून टोक झिजतं, गॅप वाढतो, आणि कॉइलला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. ‘चढावर गाडी मिसिंग करते, सपाटीला बरी’ हे त्याचंच लक्षण. कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या चढावर सिलिंडरमध्ये दाब वाढतो, दाबाखाली वाढलेला गॅप ओलांडणं विजेला जमत नाही. आमच्याकडे कुणी ‘घाटमा गाडी बंद पडी जास’ म्हणत आला की पहिला हात फिलर गेजकडे, म्हणजे गॅप मोजायच्या पट्टीकडे, जातो. गॅप बदलताना फक्त बाहेरची पट्टी वाकवा. मधल्या टोकाला पक्कड किंवा पेचकस टेकवला की चिनीमातीला बारीक तडा जातो. तो दिसत नाही, पण ठिणगी तिथूनच गळते.

याच कारणाने हेडवर टेकवून पाहिलेल्या ठिणगीवर पूर्ण विसंबू नका. मोकळ्या हवेत अशक्त कॉइलही ठिणगी पाडते. चांगल्या कॉइलची ठिणगी मोकळ्या हवेत साधारण ६ मिमी अंतर ओलांडते, निळी असते आणि तिचा टक् असा आवाज येतो. पिवळसर, बारीक, आवाज नसलेली असेल तर प्लगच्या मागचं सगळं तपासा. तपासताना प्लगचं अंग हेडला घट्ट टेकलेलं असू द्या आणि जवळ सांडलेलं पेट्रोल नको.

साफ करायचा प्लग पेट्रोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, हवा मारा, वाळवा. तारेच्या ब्रशने चिनीमाती घासली की तिच्यावर धातूच्या रेघा उमटतात आणि वीज त्या रेघांवरून पळते. वाळूच्या मशीनवर साफ केलेला प्लग दिसतो नव्यासारखा, पण खोबणीत अडकलेला एखादा कण सिलिंडरमध्ये पडला तर रिंगा ओरबाडतो. मी टू-स्ट्रोकला ते कधीच करू देत नाही. गोल झालेलं मधलं टोक पॉइंट घासायच्या बारीक कानसीने सपाट करा, कडा धारदार झाल्या की ठिणगी सहज पडते. पण चिनीमातीला तडा, टोक अर्धं झिजलेलं, असं असेल तर प्लग सरळ बदला.

काढण्या-बसवण्यात आपल्या भागात धुळीचं भान ठेवावं लागतं. प्लगभोवती शेतरस्त्याची माती साठलेली असते. आधी अर्धा फेरा सैल करा, हवा मारून खळगा साफ करा, मगच पूर्ण काढा. इंजिन गरम असताना प्लग काढू नका, ॲल्युमिनियम हेडचे आटे प्लगसोबत बाहेर येतात. बसवताना पाना लावू नका. बोटांनी वॉशर टेकेपर्यंत फिरला पाहिजे. बोटांना अडला तर आटे चढलेत, परत काढा. टेकल्यानंतर १४ मिमीचा नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, आणि जुनाच परत बसवत असाल तर जेमतेम एक-बारांश, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. लांब पाइप लावून जोर करू नका. प्लग सैल राहिला तरी वाईट, कारण टोकाची उष्णता त्या वॉशर-आट्यांतूनच हेडमध्ये जाते. हेडचे आटे गेलेच असतील तर वितळवून भरण्यापेक्षा तारेचे नवे आटे बसवून घ्या, ते जास्त टिकतात.

मारुतीचे तिन्ही प्लग काढताना एक ते तीन असा क्रम ठेवा. तिन्ही सारखे काळे असतील तर फिल्टर किंवा कार्ब्युरेटर. एकच तेलकट असेल तर त्या सिलिंडरचं व्हॉल्व्ह सील किंवा रिंग. एकच संशयास्पद स्वच्छ, धुतल्यासारखा असेल तर तिथे रेडिएटरचं पाणी आत येत असण्याची शक्यता आहे, हेड गॅसकेट तपासा. साधे निकेलचे प्लग कारमध्ये १५ ते २० हजार किलोमीटर चालतात. टू-स्ट्रोकमध्ये त्यापेक्षा बरंच कमी. तिथे दर हजार-दीड हजाराला काढून पाहणं बरं.

राहिलं मारुतीचं दुपारी बंद पडणं. गार झाल्यावर चालू होते, म्हणजे प्लग ठीक आहेत. प्लग तापून बिघडतो आणि अर्ध्या तासाने सुधारतो असं होत नाही. डिकीत एक गॅप केलेला जादा प्लग आणि प्लग-पाना ठेवा. गाडी बंद पडली की लगेच, ती गार होण्याआधी, एक वायर काढून त्या जादा प्लगला लावा, प्लग हेडला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी नसेल तर गरम झाल्यावर आतली जोडणी सुटणारी कॉइल, नाहीतर पॉइंट असतील तर कंडेन्सर. ठिणगी दमदार असेल तर पेट्रोलचा पंप आणि नळी तापून आत वाफ धरतेय: ओलं फडकं पंपावर आणि नळीवर ठेवा, पाच मिनिटांत सुरू झाली तर निदान झालं. मग नळी इंजिनाच्या गरम भागापासून लांब घ्या आणि पंपाखालचा जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का ते पाहा. या दोन्हींतलं काय ते कळेपर्यंत तिन्ही प्लग आहेत तिथे राहू द्या.